पावसाळ्यानंतर छोटं विमान बाहेर काढताना: गोव्याच्या हवेत देखभाल आणि उड्डाणपूर्व तयारी

छोट्या विमानाला अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘तांत्रिक बिघाड’ हे दोन शब्द ठरलेले. चौकशीचा अहवाल बऱ्याच काळाने येतो, तोवर लोक विसरलेले असतात. हे अहवाल वाचायची सवय लावून घेतली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: बिघाड एकटा क्वचितच माणसं मारतो. देखभालीतली ढिलाई आणि तयारीतली ढिलाई बराच काळ एकमेकींना सांभाळून घेतात. इंधनाचा काटा चुकीचं दाखवतो, तरी निभावतं. कारण पायलट टाकीत काठी बुडवून बघतो. एखाद्या दिवशी पायलट काठी बुडवत नाही, तेही निभावतं. कारण त्या दिवशी काटा बरोबर असतो. दोन्ही एकाच दिवशी घडलं की इंजिन भाताच्या खाजनावर बंद पडतं.

२१ जानेवारी २०१९ ला फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधल्या नांतहून कार्डिफला निघाला. त्याचं एका इंजिनाचं पायपर मालिबू इंग्लिश खाडीत कोसळलं. ब्रिटिश तपासात दिसलं की एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरला असावा आणि पायलटलाही तो बाधला असावा. विमानात धोक्याचा इशारा देणारा डिटेक्टर नव्हता. पायलटकडे रात्री उडायचं रेटिंग नव्हतं, आणि उड्डाण रात्रीचं, ढगांतून वाट काढायचं होतं. गळका एक्झॉस्ट हा देखभालीचा प्रश्न. ते उड्डाण हाती घेणं हा तयारीचा.

हे मार्गदर्शन एका पिस्टन इंजिनाच्या, दोन ते चार आसनी विमानांसाठी आहे: सेस्ना १५२, १७२, पायपर वगैरे. बारामती, धुळे, गोंदियाला शिकायला गेलेली आपली मुलं, विमान बाळगणारे मालक आणि अशा विमानात पैसे देऊन बसणारे प्रवासी, तिघांनाही कामाचं. विमानाचं पीओएच (पायलटची पुस्तिका) आणि देखभालीचं मॅन्युअल यांच्यापेक्षा कुठलाही लेख मोठा नाही, हे धरूनच वाचावं. आकडे मी मुख्यतः सेस्ना १७२ एसचे दिले आहेत.

पहिली पायरी: चार महिने उभं राहिलेलं विमान उघडा

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. खासगी छोटी विमानं या काळात फारशी उडत नाहीत. चवथ झाली, पाऊस ओसरला की मालकाचा फोन येतो: “कसं काय, विमान तयार आसा मरे? दसऱ्याक बेळगावां वचून येवया.” विमान उडालं नाही म्हणजे झिजलं नाही, असा त्याचा हिशेब. हा हिशेब उलटा आहे. समुद्राकाठच्या दमट हवेत उभं विमान उडणाऱ्या विमानापेक्षा लवकर खराब होतं.

सगळ्यात आधी इंजिन. लायकमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन थंड झालं की तेल हळूहळू खाली उतरतं आणि कॅमशाफ्ट उघडा पडतो. लायकमिंग कंपनीनेच आपल्या सर्व्हिस लेटरमध्ये सांगितलं आहे, की दमट भागात नव्या इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतीवर अवघ्या दोन दिवसांत गंज धरू शकतो. दोन दिवसांत, आणि आपण चार महिन्यांची गोष्ट करतोय. हा गंज बाहेरून दिसत नाही. तो पुढे कॅमच्या टोकांवरून धातू खरवडत राहतो आणि तेलाच्या फिल्टरमध्ये चकाकणारा कण होऊन सापडतो. म्हणून पावसाळ्यानंतरच्या पहिल्या तेलबदलाला फिल्टर कापून, त्याची घडी उलगडून उजेडात बघायचीच. नुसता नवा फिल्टर लावून जुना टोपलीत टाकणारा मेकॅनिक मला पटत नाही.

‘दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून ठेवतो’ असं अभिमानाने सांगणारे बरेच भेटतात. यात फायद्यापेक्षा तोटा जास्त. इंधन जळताना पाणी तयार होतं. तेल पुरेसं तापलं नाही तर ते पाणी आतच राहतं आणि तेलात मिसळून आम्लता वाढवतं. तेल साधारण ७५ ते ९३ अंश सेल्सिअसपर्यंत चढून सलग तासभर राहिलं तरच ओलावा उडून जातो, आणि ते जमिनीवर उभं राहून साधत नाही. तेव्हा दोनच रस्ते: महिन्यातून किमान एकदा, हवा मिळेल त्या दिवशी, तासभर खरंखुरं उडवायचं, नाहीतर पाऊस सुरू होण्याआधी इंजिन रीतसर जतन करून ठेवायचं. म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह तेल, स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणारे डिहायड्रेटर प्लग, एक्झॉस्ट आणि हवेची तोंडं बंद.

मग सांगाडा. रंगाला बारीक फोड आली असेल तर नखाने दाबून बघा. खाली पांढरी भुकटी निघाली की ते ॲल्युमिनियमचं गंजणं, रंगाचा दोष नव्हे. रिव्हेटच्या रांगा, बिजागऱ्या, बॅटरीच्या पेटीखालचा पत्रा आणि पंखाचा जोड या जागा आधी. पंखाच्या आणि एलेव्हेटरच्या (शेपटीच्या हलत्या पात्याच्या) खालच्या बाजूला निचऱ्याची बारीक भोकं असतात. ती रंगाने किंवा चिखलाने बुजली की आत पाणी साठतं आणि आतूनच पत्रा खातं. तारेने नाही, मऊ काडीने मोकळी करा.

कंट्रोल केबल तपासायची एक जुनी पद्धत आहे आणि तिच्याइतकी चांगली मला दुसरी माहीत नाही. सुती फडकं केबलभोवती गुंडाळायचं आणि केबलच्या लांबीवरून सरकवत न्यायचं. एखादी तार तुटली असेल तर फडकं तिथे अडकतं. पुलीच्या जागी विशेष लक्ष द्या, तिथे केबल वाकते. उघड्या बोटाने हे करू नका, तुटलेली तार सुईसारखी बोटात घुसते.

सेस्नाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सोडू नका: सीटचे रूळ. पायलटची सीट ज्या रुळावर पुढेमागे सरकते, त्याच्या भोकांत एक पिन बसते. वर्षांनुवर्षांच्या वापराने ही भोकं लांबट होतात, पिन झिजते आणि टेकऑफला जोर आला की सीट सुटून मागे जाते. पायलटचा हात कंट्रोलवरच असतो. तो मागे जाताना कंट्रोल ओढतो, नाक वर उठतं आणि जमिनीपासून काही फुटांवर विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते. असे प्राणघातक अपघात झाल्यावर अमेरिकेत १९८७ मध्ये या रुळांच्या तपासणीचा सक्तीचा आदेश निघाला. खर्च किरकोळ, काम सोपं, आणि तरी टाळलं जाणारं. सीटवर बसा, कुलूप लागल्याचा आवाज ऐका आणि पाय टेकून सीट जोरात मागे ढकलून बघा. हे रोज करायचं, पावसाळा असो वा नसो.

आता जिवंत पाहुणे. कुंभारमाशीला वेग मोजणाऱ्या पिटोट ट्यूबचं तोंड म्हणजे आयतं घर. कव्हर निघालेलं असेल तर ती आत चिखल भरते आणि वेग दाखवणारा काटा खोटं बोलू लागतो. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकजवळ बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात पडलं, तिथे पिटोट बुजलेली होती आणि संशय अशाच माशीवर होता. विमान काही दिवस उभं होतं आणि पिटोटला कव्हर नव्हतं. पिटोटमध्ये तोंडाने फुंकर मारून बघायचा मोह होतो. मारू नका, आतलं यंत्र फुटतं. काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत टॉर्च मारून बघा. साळुंकी एका सकाळी घरटं घालायला लागते, आणि वाळकं गवत गरम सिलिंडरवर पडलं की पेटायला वेळ लागत नाही.

इंधनाच्या टाकीच्या झाकणांचे ओ-रिंग कडक झाले असतील तर बदला. पावसाचं पाणी तिथूनच आत जातं. ब्रेकच्या डिस्कवरचा तांबूस गंज दोन-चार ब्रेकने जातो, पण चाकांच्या बेअरिंगमधला जात नाही. ती उघडून, ग्रीस बदलूनच घ्या.

दुसरी पायरी: कागद वाचा, चाळू नका

एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेटची मुदत, शेवटच्या तपासणीनंतरचं रिलीज सर्टिफिकेट, पुढच्या ५० किंवा १०० तासांच्या तपासणीला उरलेले तास, विमा, रेडिओ परवाना. एवढं सगळेच बघतात. ज्या दोन गोष्टी बघितल्या जात नाहीत, त्या वेगळ्या.

एक, कॅलेंडर. ‘वर्षात चाळीसच तास उडालं’ हे मालकाला समाधान देतं. पण रबरी होज, सील, इंजिनाचा ओव्हरहॉल यांची मुदत वर्षांतही मोजली जाते. लायकमिंगच्या बऱ्याच मॉडेलांना २,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. गोव्यासारख्या जागी बहुधा वर्षं आधी संपतात.

दोन, परत परत येणारा स्नॅग, म्हणजे नोंदलेला बिघाड. टेक लॉगची (विमानाच्या नोंदवहीची) मागची दहा-बारा पानं एका बैठकीत वाचा. ‘मॅग ड्रॉप जास्त. प्लग साफ केले. तपासलं, ठीक.’ हे तीन वेळा दिसलं तर प्लगचा दोष नाही. प्लगला ठिणगी देणारा मॅग्नेटोच उघडायला हवा. प्रत्येक नोंद एकेकटी वाचली की निर्दोष वाटते, सलग वाचली की आजार दिसतो.

इथे फ्लाइंग स्कूलच्या मुलांना एक सांगणं आहे. दिवसाची शेवटची सॉर्टी असते, इंजिन थोडं खरखरलं, तुम्ही उतरून इंजिनिअरला तोंडी सांगता आणि हॉस्टेलला जाता. स्नॅग लिहिला तर उद्याचं विमान ग्राउंड होईल, सीनियरची क्रॉस-कंट्री रद्द होईल, सगळ्यांचा राग अंगावर. तोंडी सांगितलेल्या स्नॅगवर कुणाची सही नसते. लिहाच. विमान ग्राउंड करण्याचा निर्णय तुमच्या डोक्यावर नाही, तो इंजिनिअरचा. तुमचं काम लिहिण्यापुरतं.

तिसरी पायरी: दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण वेगळं धरा

विमान नुकतंच वर्कशॉपमधून आलं म्हणजे ठणठणीत, असं लोक समजतात. आम्हा देखभालीतल्या माणसांना मात्र त्याच दिवशी जास्त धास्ती असते. उघडलेली प्रत्येक वस्तू परत बसवताना उलटी बसू शकते, सैल राहू शकते, आत पाना विसरू शकतो. ११ नोव्हेंबर २०१८ ला एअर अस्तानाचं एम्ब्राएर जेट पोर्तुगालमधून देखभाल आटोपून उडालं आणि लगेच डोलायला लागलं. एलेरॉनच्या (पंखावरच्या, विमान कलवणाऱ्या पात्यांच्या) केबल उलट्या बसल्या होत्या. ते उतरलं हे वैमानिकांचं कसब.

छोट्या विमानात ही चूक अर्ध्या मिनिटात पकडता येते. कंट्रोल डावीकडे फिरवा, दोन्ही अंगठे वर करा. अंगठे ज्या बाजूला झुकलेत त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे. मान वळवून, डोळ्यांनी बघा. ‘फ्री’ आणि ‘करेक्ट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंट्रोल मोकळं फिरतं एवढ्यावर समाधान मानणारे पायलट ‘करेक्ट’ तोंडाने म्हणतात, पण बघत नाहीत.

इंजिनिअरला एक प्रश्न विचारा: “काय काय उघडलं होतं?” जे जे तो सांगेल, ते ते वॉक-अराउंडमध्ये (विमानाभोवतीच्या तपासणी-फेरीत) हाताने तपासा. सेफ्टी वायर, कॉटर पिन, काउलिंगचे स्क्रू, तेलाची टोपी.

आणि हवा स्वच्छ असल्याशिवाय हे उड्डाण करू नका. २८ जून २०१८ ला मुंबईत घाटकोपरला किंग एअर सी९० कोसळलं, तेव्हा दुरुस्तीनंतरचं चाचणी उड्डाण चालू होतं आणि दिवस भर पावसाळ्याचे. विमानातले चौघे आणि खाली रस्त्यावरचा एक माणूस गेला. चौघांतली दोन माणसं देखभालीची होती. चाचणीच्या दिवशी विमानावर शंका असते, त्यात हवेची शंका मिसळायची नाही. प्रवासी नाही, सकाळची वेळ, विमानतळाच्या आसपासच, आणि उंची जितकी मिळेल तितकी.

चौथी पायरी: वजन, खऱ्या तराजूने

१७२ एसचं कमाल वजन १,१५७ किलो. रिकामं विमान साधारण ७६० किलोच्या आसपास (तुमच्या विमानाचा नेमका आकडा त्याच्या वजनपत्रात असतो). उरले साधारण ३९५ किलो. चार माणसं ७५ किलोंची धरली तरी ३००, आणि सामान २० किलो. बेळगावच्या पाहुण्यांसाठी काजूची पेटी गेलीच. म्हणजे ३२०. इंधनाला उरले ७५ किलो. एक लिटर अव्हगॅस (पिस्टन इंजिनाचं पेट्रोल) साधारण ०.७२ किलो, तेव्हा १०४ लिटर. टाकीत मात्र वापरण्यासारखं २०० लिटर मावतं. टाकी पूर्ण भरून चौघे बसले तर विमान जवळजवळ ७० किलो जास्त वजनाने उडेल.

चार सीट आहेत म्हणून चार माणसं आणि टाकी आहे म्हणून पूर्ण टाकी, ही दोन्ही गृहीतकं एकत्र चालत नाहीत. माणसं किती किलोंची ते विचारू नका, तराजू ठेवा. लग्नाला निघालेली माणसं आपलं वजन खरं सांगत नाहीत. सामान मागे जितकं जास्त तितका तोल मागे जातो आणि स्टॉलमधून नाक खाली आणणं अवघड होतं. २००१ मध्ये बहामात गायिका आलिया ज्या सेस्ना ४०२ मध्ये गेली, त्याचं वजनही मर्यादेबाहेर होतं आणि तोलही.

पाचवी पायरी: इंधनाचा हिशेब एकाच मापात

दाबोळीहून बेळगावच्या सांबरा विमानतळाचं सरळ अंतर साधारण ५५ नॉटिकल मैल, म्हणजे १०० किलोमीटर. ११० नॉटने अर्धा तास. ताशी ३५ लिटर धरले तर प्रवासाला १८ लिटर. स्टार्ट, टॅक्सी आणि चढणीला वरचे ८. बेळगावला उतरता आलं नाही तर हुबळी, त्याला १३. शेवटचा अर्ध्या तासाचा राखीव साठा १८. बेरीज ५७. बेळगावात अव्हगॅस मिळेल हे फोन करून पक्कं केलं नसेल तर परतीचे आणखी २६ धरा: ८३. वर काढलेल्या १०४ मधून २१ लिटर उरतात, म्हणजे साधारण ३६ मिनिटं. ती वादळाला वळसा घालायला. असा हिशेब कागदावर असला की वाटेत डोकं शांत राहतं.

आता मापांचा घोळ. विमानाचा काटा गॅलनमध्ये, बाउझर (इंधनाचा टँकर) लिटरमध्ये, लोडशीट किलोमध्ये. १९८३ मध्ये एअर कॅनडाचं बोइंग ७६७ आकाशातच कोरडं पडलं, कारण २२,३०० किलोऐवजी २२,३०० पौंड इंधन भरलं गेलं होतं, आणि त्या विमानाचे इंधनाचे काटे बंद आहेत हे निघण्याआधीच माहीत होतं. बिघाड आणि हिशेब पुन्हा हातात हात घालून. तुम्ही सगळं लिटरमध्ये करा आणि शेवटी एकदाच किलोत बदला.

अमेरिकेच्या एनटीएसबीने २०११ ते २०१५ या काळाबद्दल म्हटलं आहे, की तिथे वर्षाला सरासरी ५० हून जास्त अपघात इंधनाच्या हाताळणीतून झाले, आणि त्यांतल्या ९५ टक्क्यांत पायलटचा हात होता. यंत्राचा दोष उरलेल्या थोड्यांत.

गोव्यात उतरणारी बहुतेक विमानं जेट, त्यामुळे बाउझर आला की तो एटीएफचा, म्हणजे जेटच्या इंधनाचा, असण्याचीच शक्यता जास्त. पिस्टन इंजिनात एटीएफ गेलं तर टॅक्सी होते, टेकऑफही होतो, आणि मग इंजिन जातं. इंधन भरताना स्वतः समोर उभे राहा, नळीवरचं लेबल आणि पावतीवरचा शब्द दोन्ही वाचा.

सहावी पायरी: हवामान आणि घाट

हवामानाचे संदेश यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. साडेपाच तास मिळवा. चूक साधी आहे, तिचे परिणाम साधे नाहीत. दाबोळी हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. तिथल्या नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) आणि नौदलाच्या उड्डाणांच्या वेळा आधी बघा. मोपाचं मनोहर विमानतळ (२०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झालेलं) दाबोळीपासून ४० किलोमीटरच्या आत आहे. म्हणून ते पर्यायी विमानतळ म्हणून लिहायचा मोह होतो. रनवे बंद झाला तर मोपा उत्तम. पण ढगांची भिंत किनाऱ्यावर आली तर ती दोघांनाही एकदमच झाकते. हवेसाठीचा पर्याय घाटापलीकडचा असू द्या, आणि तो गाठायला लागणारं इंधन टाकीत असताना निर्णय घ्या.

फ्लाइट प्लॅन, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे नंबर घेण्याच्या गडबडीत अर्धा वेळ जातो. तो आधीच करून ठेवला की घाट बघायला वेळ मिळतो.

घाटाबद्दल थोडं सावकाश. गोव्याचं सर्वांत उंच शिखर सोसोगड साधारण १,१६६ मीटर, म्हणजे ३,८०० फुटांवर. पूर्वेला जाताना ५,५०० फूट ठेवले तर माथ्यावर हजार-दीड हजार फूट मोकळे राहतात. तेवढी उंची समुद्राकडेच मिळवा, चोर्ल्याच्या पायथ्याशी जाऊन चढायला लागू नका. जाताना पश्चिमेचा वारा तुम्हाला उचलतो, म्हणून घाट सोपा वाटतो. येताना तोच वारा डोंगराच्या पूर्व उतारावरून खाली दाबतो आणि तुम्ही नेमके तिथूनच डोंगराकडे येत असता. माथा सरळ कापू नका. ४५ अंशांच्या कोनात या, म्हणजे विमान खाली बसायला लागलं तर कमी वळणात दूर जाता येईल.

उष्णतेचा हिशेब इथे कुणी करत नाही, कारण दोन्हीकडचे रनवे लांब आहेत. विमान रनवेवरून उठतं, मग काय अडलं? अडतं ते चढताना. बेळगावचा विमानतळ जवळजवळ २,५०० फुटांवर आहे. तापमान ३२ अंश असेल तर त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा २२ अंश जास्त. दर अंशाला साधारण १२० फूट धरले की डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ५,००० फुटांच्या पुढे जाते. दुपारी दोन वाजता, चौघांसह परतीला निघालेलं विमान घाटासमोर मरगळलेलं असतं. पीओएचमधल्या चढाईच्या कोष्टकात हे आकडे छापलेले आहेत.

ऑक्टोबरात आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर घाटावर ढग बांधले जातात आणि बऱ्याचदा संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकतात. म्हणून सकाळी जा, दुपारच्या आत परत या. नाही जमलं तर मुक्काम करा. व्हीएफआर (बाहेर नजरेने बघत उडणं) म्हणजे ५ किलोमीटर दृश्यमानता, आणि सूर्यास्तानंतर नाही. ऑक्टोबरच्या मध्यात गोव्यात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. परत फिरण्याची वेळ आणि जागा नकाशावर निघण्याआधी लिहा: ‘चोर्ल्याचा माथा दिसला नाही तर मागे.’ हवेत असा निर्णय घेता येत नाही, तिथे फक्त लिहिलेला निर्णय पाळता येतो.

का, त्याला एक जुना प्रयोग आहे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात, यंत्रांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० विद्यार्थी पायलटांना ढगासारख्या परिस्थितीत उडवलं. वीसही जणांचं नियंत्रण सुटलं, सरासरी १७८ सेकंदांत.

कार्ब्युरेटर असलेल्या विमानासाठी एक खास गोव्याची गोष्ट. इथे बर्फ कुठला, असं वाटतं. पण कार्ब्युरेटरमध्ये इंधन उडताना हवा एकदम थंड होते, आणि दमट हवेत बाहेर तीस अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो. समुद्रावरून कमी पॉवरवर उतरताना कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) पूर्ण लावा, अर्धवट नको.

सातवी पायरी: पायलट

थोडक्यात. भारतात दारू आणि उड्डाण यांच्यात १२ तासांचं अंतर सक्तीचं आहे. आदल्या रात्रीच्या लग्नात फेणी झाली असेल तर १२ तासही पुरत नाहीत. झोप, सर्दी, डोक्यात घरचा तणाव असेल तर पुढे ढकला. आणि प्रवाशांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की जाणं रद्द होऊ शकतं, टॅक्सीचा नंबर जवळ ठेवा. पायलटवर सगळ्यात मोठा दबाव मागच्या सीटवरून येतो.

आठवी पायरी: विमानाजवळ

वॉक-अराउंड करताना फोन कारमध्ये. मधेच कुणी बोलावलं तर परत येऊन जिथे थांबलात तिथून नव्हे, पहिल्यापासून.

इंधनाचा नमुना घेताना घाई नको. १७२ एसला १३ निचऱ्याच्या जागा आहेत: दोन्ही पंखांना पाच-पाच आणि पोटाखाली तीन. सगळ्या घ्यायच्या. पेला उजेडासमोर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरा. १०० एलएल (म्हणजे अव्हगॅस) निळं असतं. पाण्याचा थेंब तळाशी वेगळा, मण्यासारखा हलतो, तो दिसायला सोपा. फसवतो तो दुसरा प्रकार: पेला पूर्ण पाण्यानेच भरला तर आत रेषच नसते, सगळं कसं स्वच्छ. म्हणून ‘स्वच्छ आहे का’ हे नंतर, ‘निळं आहे का’ हे आधी बघा. रंग उडालेला किंवा रॉकेलसारखा वास आला तर एटीएफ मिसळलं आहे. एक थेंब कागदावर टाका, अव्हगॅस उडून जातं, एटीएफचा तेलकट डाग राहतो. पाणी आलं तर येईनासं होईपर्यंत काढत राहा, पंख हलवा, पुन्हा काढा.

मग टाकीत काठी. काट्यावर नंतर नजर टाका आणि दोघांचं पटतं का बघा. पटत नसेल तर स्नॅग लिहा. तेल, प्रॉपेलरच्या कडेला लागलेला दगडाचा चरा (नख अडकलं की इंजिनिअर बोलवा), टायर, एक्झॉस्टच्या जोडावर राखाडी-पांढरट ओघळ. तो ओघळ म्हणजे वायू गळतोय. गोव्यात हीटर कोण लावतो, असं म्हणून हे सोडू नका. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकांतूनही तो केबिनमध्ये येतो. इशारा देणारा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) डिटेक्टर स्वस्तातही मिळतो, घ्याच.

नववी पायरी: रनवेच्या तोंडाशी

१७२ एसमध्ये १,८०० आरपीएमला एकेक मॅग्नेटो बंद करून तपासताना आरपीएमची घट (मॅग ड्रॉप) १५० पेक्षा जास्त नको आणि दोघांतला फरक ५० पेक्षा जास्त नको. घट अजिबात नसेल तर खूश होऊ नका. मॅग्नेटो बंदच होत नाहीये, म्हणजे वायर तुटलेली असू शकते आणि उभ्या विमानाचा प्रॉपेलर हाताने फिरवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

थ्रॉटल पूर्ण दिल्यावर आरपीएम पीओएचइतकं आलं नाही तर तिथेच थांबा. दाबोळीच्या लांबच लांब रनवेवर ‘येईल हळूहळू’ म्हणत पुढे जायला जागा खूप आहे, तोच धोका. पश्चिमेकडे टेकऑफ केला तर पुढे समुद्र. हजार फुटांवरून १७२ साधारण अडीच किलोमीटर तरंगत येते, वारा नसेल तर. लाइफ जॅकेट अंगावर हवं, सीटखाली असून उपयोग नाही. दाबोळी आणि मोपा दोन्ही सड्यांवर आहेत, तिथे टिटव्या आणि घारी असतात. १६ नोव्हेंबर २०१९ ला नौदलाचं मिग-२९के पक्ष्यांच्या धडकेनंतर वेर्णा परिसरात पडलं. दोन इंजिनं आणि इजेक्शन सीट असलेलं ते विमान होतं, आपल्याकडे दोन्ही नाही. टॉवरला पक्षी विचारा, आणि दिसले तर दोन मिनिटं थांबा.

दहावी पायरी: उतरल्यावर

इंजिन बंद केल्याबरोबर, हेडसेट काढायच्या आधी, स्नॅग लिहा. तेल किती प्यायलं तेही. दर उड्डाणाला लिहिलं तर इंजिनाची तब्येत तुम्हाला अहवालाआधी कळते. समुद्रावरून आलात तर गोड्या पाण्याने विमान धुवा, पण पाण्याचा जोर पिटोट, स्टॅटिकची (हवेचा दाब मोजायची) भोकं आणि बेअरिंगपासून दूर ठेवा. स्टॅटिकला पट्टी लावली असेल तर ती भडक रंगाची, लोंबती, आणि काढल्याची नोंद टेक लॉगमध्ये: १९९६ मध्ये एरोपेरूचं बोइंग ७५७ धुतल्यावर लावलेली पट्टी काढायची राहिली म्हणूनच पडलं. टाक्या भरून ठेवायच्या की नाहीत हे पुढचं उड्डाण किती माणसांचं त्यावर ठरवा. महिनाभर उभं राहणार असेल तर भरलेल्या बऱ्या, आत दव कमी धरतं. पिटोटला कव्हर, काउलिंगला प्लग, कंट्रोल वाऱ्याने हलू नये म्हणून गस्ट लॉक. आणि मे संपायच्या आत इंजिनिअरला फोन करून जतनाची तारीख घ्या, जूनमध्ये कुणालाच वेळ नसतो.